दफ्तर आणि दंड

'दफ्तर' या शब्दाला मराठीत दोन वये आहेत. शाळकरी मुलाच्या तोंडी ते पाठीवरच्या पिशवीचे नाव असते. त्याच मुलाच्या आजोबांच्या तोंडी ते तहसील कचेरीतील त्या खोलीचे नाव असते, जिथे कापडात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले असतात. शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि त्याचे मूळ ग्रीकमधील 'कातडे' या अर्थाच्या शब्दापर्यंत मागे नेता येते. लिहिण्यासाठी कातडे कमावले जाई त्या काळची ती खूण. आम्ही मात्र या शब्दाशी जे नाते जोडले आहे ते धाकाचे आहे. 'दफ्तरी नोंद आहे' असे कोणी म्हटले की आमच्याकडे वाद थांबतो, आणि 'दफ्तरात सापडत नाही' असे म्हटले की माणूसच थांबतो.

मी जवळा बाजारचा. परभणीहून औंढा नागनाथकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. नावातच बाजार असल्यामुळे आसपासच्या खेड्यांतील माणसांची येथे सतत ये-जा. कापूस, सोयाबीन, हळद यांच्या भावाखालोखाल या माणसांच्या बोलण्यात कोणता विषय असेल तर तो कागदाचा. कोणाचा फेरफार अडला आहे, कोणाला जुनी नक्कल हवी आहे, कोणाच्या वाटणीत चुलत्याने हरकत घेतली आहे. ही सगळी कामे ज्या कचेरीत जातात तिच्या पाटीवर दोन पदे लिहिलेली असतात : तहसीलदार व तालुका दंडाधिकारी. जिल्ह्याच्या ठिकाणीही तसेच, जिल्हाधिकारी व जिल्हादंडाधिकारी. एका हाताने दफ्तर सांभाळायचे आणि दुसऱ्या हाताने दंड धरायचा, अशी ही व्यवस्था. पाटी रोज दिसत असल्यामुळे तिच्यातील विलक्षणपणा आपल्याला जाणवेनासा झाला आहे. ज्याच्या ताब्यात कागद, त्यालाच निवाड्याचा अधिकार का असावा? आणि तसा तो असेल, तर ज्याचे नाव त्या कागदात आहे किंवा नाही, त्याने कशाच्या आधारावर विश्वास ठेवायचा?

हा प्रश्न केवळ आपला नाही. इंग्लंडात प्रत्येक काउंटीत 'कस्टोस रोट्युलोरम' नावाचा एक अधिकारी असे. शब्दशः अर्थ, गुंडाळ्यांचा राखणदार. न्यायालयाचे लेख कातड्याच्या लांब पट्ट्यांवर लिहून गुंडाळून ठेवले जात, त्या या गुंडाळ्या. हा राखणदार त्या काउंटीतील शांतता-न्यायाधीशांपैकीच एक, आणि मानाने त्यांच्यात पहिला. त्याच्या नेमणुकीचा कायदा आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत, १५४५ साली झाला. प्रत्यक्ष लिहिणे आणि जपणे हे काम मात्र तो नेमील त्या कारकुनाचे. शेक्सपिअरच्या 'द मेरी वाइव्ज ऑफ विंडसर' या नाटकाच्या आरंभीच शॅलो नावाचा एक वृद्ध न्यायाधीश आपल्या पदव्यांची फुशारकी मारतो, त्यात हे पदही येते आणि त्याच्या लॅटिन नावाची बोलताबोलता मोडतोड होते. त्या काळच्या प्रेक्षकांना हसू आले असेल, कारण गुंडाळ्यांचा राखणदार म्हणवणाऱ्याला त्या गुंडाळीच्या भाषेशी फारसे देणेघेणे उरलेले नव्हते. पुढे हे पद लॉर्ड लेफ्टनंटच्या पदाला जोडले जाऊन निव्वळ मानाचे झाले. १९१३ साली बेडफर्डशायरमध्ये काउंटीचे पहिले अभिलेखागार उभे राहिले आणि कागद हळूहळू त्या वाटेने गेले. मान एकीकडे, कागद दुसरीकडे, निवाडा तिसरीकडे, अशी तेथे वाटणी झाली.

आपल्याकडे काय झाले हे पाहण्यासाठी मला फार लांब जावे लागत नाही. आमच्या तालुक्याचे गाव औंढा. तेथील नागनाथाचे मंदिर यादवकाळच्या शिल्पशैलीचे, आणि त्याची ओळख करून देताना लहानथोर सगळे एकच शब्द वापरतात : हेमाडपंती. दगडी बांधणीच्या एका सबंध पद्धतीला ज्याचे नाव चिकटले तो हेमाद्री वास्तविक गवंडी नव्हता आणि स्थपतीही नव्हता. देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या पदरी, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, तो श्रीकरणाधिप होता. करण म्हणजे लेखनाची कचेरी. राज्याच्या सगळ्या लेखी कारभाराचा तो मुख्य. पत्रे कशी लिहावीत, कोणाला कोणता मायना घालावा याचे नियम सांगणारे 'मेस्तक' परंपरेने त्याच्याच नावावर घातले आहे आणि मोडी लिपीचे श्रेयही परंपरा त्यालाच देते. याच हेमाद्रीने 'चतुर्वर्गचिंतामणी' हा धर्मशास्त्राचा अवाढव्य ग्रंथ रचला. म्हणजे काय नोंदले जावे हे ज्याच्या हाती होते, त्याच्याच हाती योग्य काय हे सांगण्याचा अधिकारही होता.

या माणसाच्या कचेरीतील रोजचे लेख आज उरलेले नाहीत. यादवांचे म्हणून आपल्या हाती आहेत ते ताम्रपट आणि शिलालेख, म्हणजे मुद्दाम टिकावेत म्हणून धातूवर नि दगडावर कोरलेले शब्द. बाकीचे सारे दफ्तर गेले. राज्याचे कागद राखणाऱ्याचे नाव शेवटी दगडांनी राखले, यात इतिहासाची काही थट्टा आहे खरी. पण त्यातून एक गोष्टही कळते. दफ्तर चिरंतन असते ही आपली समजूत आहे. ते टिकते ते त्याच्याशी कोणाचा तरी स्वार्थ किंवा जिव्हाळा जोडलेला असेपर्यंत.

यादवांनंतर बहामनी आली, निजामशाही आली, मोगल आले. राज्ये बदलली तरी परगण्याच्या पातळीवर दोन माणसे जवळजवळ कायम राहिली : देशमुख आणि देशपांडे. देशमुख परगण्याचा प्रमुख आणि देशपांडे त्याचा लेखक. गावात पाटील आणि कुलकर्णी यांची जी जोडी, तीच परगण्यात या दोघांची. कोणत्या गावात किती चाहूर जमीन, कोणाचे वतन, कोणाचे इनाम, कोणाचा हक्क किती, हे देशपांड्याच्या कागदांत. सरकार कोणाचेही येवो, त्याला पहिली गरज या कागदांची लागे. त्यामुळे विजेता राजा आणि पराभूत राजा या दोघांनाही देशपांडे सारखाच हवा असे. हे काम पिढीजात असल्याने कागद देशपांड्याच्या घरीच राहत. सरकारी दफ्तर आणि घरची पेटी यांत फरक करण्याची कोणाला आवश्यकता वाटत नसे.

आणि निवाडा? वतनाचा, शिवेचा, वडीलपणाचा तंटा उभा राहिला की गोतसभा बसे. तीत देशमुख, देशपांडे, आसपासच्या गावांचे पाटील-कुलकर्णी, शेटे-महाजन आणि बलुतेदार. वादी-प्रतिवादींच्या तकरिरी घेतल्या जात, सभेचा निर्णय मान्य करू असे राजीनामे लिहून घेतले जात, जामीन घेतले जात. जुने कागद देशपांड्याकडून मागवले जात. कागद नसेल तर साक्षी, साक्षींनीही भागले नाही तर दिव्य. शेवटी जो निर्णय होई त्याचा महजर लिहिला जाई. हरणारा आपण हरलो असे येजितखत लिहून देई, जिंकणारा सरकारात हरकी भरे. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील इंग्रजी ग्रंथात हे सारे बारकाईने मांडले आहे, आणि ज्यांना मराठी समाजाचा इतिहास केवळ लढायांपलीकडे पाहायचा आहे त्यांनी तो अवश्य चाळावा.

म्हणजे कागद राखणारा आणि निवाडा करणारा येथेही एकाच बैठकीवर होते. धोका उघड होता, कारण पुष्कळदा तंटा खुद्द देशमुखीचा किंवा देशपांडेपणाचाच असे. ज्याच्या पेटीत पुरावा, तोच पक्षकार. पण त्या जुन्या लोकांना हा धोका दिसत नव्हता असे मानण्याचे कारण नाही. त्यांनी त्यावर दोन तोडगे काढले होते. एक म्हणजे परस्थळ. आपल्या गोताकडून न्याय मिळणार नाही असे एखाद्याला वाटले तर तो दुसऱ्या ठिकाणच्या सभेपुढे जाण्याची मागणी करू शके. जिथे आपले कोणी नाही आणि प्रतिपक्षाचेही कोणी नाही, अशा जागी. धर्माच्या वादांसाठी आमच्याच मराठवाड्यातील पैठणच्या ब्रह्मसभेकडे लांबलांबून लोक येत.

दुसरा तोडगा मला अधिक मोलाचा वाटतो. महजरावर सभेत हजर असलेल्यांची नावे आणि निशाण्या असत. ज्याला लिहिता येत नसे त्याच्या निशाणीची आकृती काढली जाई : पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, आणि असेच इतरांच्या धंद्याचे हत्यार. ही केवळ अंगठ्याची जुनी आवृत्ती नव्हे. या माणसाने हे ऐकले आहे, याचा अर्थ त्याला कळला आहे आणि उद्या कोणी पेटीतला कागद बदलला तर हा माणूस तोंडाने सांगेल, अशी ती ग्वाही असे. कागद देशपांड्याकडे, पण त्याची आठवण पन्नास घरांत.

या व्यवस्थेचे गुणगान करण्याचा माझा हेतू नाही. शिवेच्या वादात महाराची साक्ष निर्णायक मानली जाई. शीव कोठून जाते हे त्याने चालून दाखवायचे आणि सर्वांनी ते मानायचे. पण ज्याच्या पावलांनी शीव ठरे, त्याच्या नावावर त्या शिवेच्या आत वतनाच्या तुकड्यापलीकडे काही नसे. स्त्रियांची नावे कागदात येतात ती बहुधा घरात कर्ता पुरुष उरला नाही तेव्हा. गोतसभेची आठवण पन्नास घरांत होती असे मी वर म्हटले, पण गावात घरे पन्नासच नव्हती.

आसफजाही राजवटीत आमचा मुलूख हैदराबादेला जोडला गेला तेव्हा हेच चित्र मोठ्या चौकटीत बसवले गेले. सगळ्या राज्याच्या महसुलाचे कागद दोन घराण्यांकडे वंशपरंपरेने होते. तेलंगणाच्या बाजूचे दफ्तर मालवाला या कायस्थ घराण्याकडे, आणि मराठी मुलखाचे दफ्तर रायरायान या मराठी ब्राह्मण घराण्याकडे. त्यांना दफ्तरदार म्हणत. हैदराबादेत बसून कोणाला कोणती सनद मिळाली आहे, कोणाची जहागीर कायम आहे, हे तेच सांगत. म्हणजे जवळा बाजारसारख्या गावातील जमिनीचे अंतिम सत्य शेकडो मैलांवरच्या एका घराण्याच्या ताब्यात होते. १८५३ साली पहिला सालारजंग दिवाण झाला आणि त्याने या घराण्यांचे वजन हळूहळू कमी करत नेले. १८६५ च्या जिल्हाबंदीनंतर पगारी तालुकदार आणि तहसीलदार आले. देशमुख-देशपांड्यांचे काम गेले, रुसूम म्हणून ठरलेली रक्कम तेवढी राहिली. काम नाही पण मान आणि मिळकत आहे, अशी ही स्थिती. इंग्लंडातल्या त्या गुंडाळ्यांच्या राखणदाराची तिकडे झाली तशीच.

हैदराबाद संस्थानाने आणखी एक पाऊल उचलले होते. न्यायखाते आणि कारभारखाते एकमेकांपासून वेगळे करण्याचा निर्णय सातव्या निजामाच्या काळात, १९२० च्या दशकाच्या आरंभी झाला. ब्रिटिश हिंदुस्थानात त्याची मागणीच चालू होती. स्वतंत्र भारताच्या संविधानाने अनुच्छेद ५० मध्ये ते ध्येय म्हणून लिहिले आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने न्यायदंडाधिकारी व कार्यकारी दंडाधिकारी असे दोन वर्ग केले. आज तहसीलदाराच्या पाटीवरील 'दंडाधिकारी' हा शब्द या दुसऱ्या वर्गातला आहे. तो कोणाला खुनाची शिक्षा देत नाही. पण जमिनीच्या नोंदीवर वाद झाला तर त्याची सुनावणी महसूल अधिकाऱ्यापुढेच होते, आणि नोंदवहीही त्याच्याच खात्याची. दोन भाऊ फेरफारावर भांडले की विवादग्रस्त प्रकरणांच्या वहीत त्यांचे नाव चढते आणि ज्यांच्याकडे वही आहे तेच निकाल देतात. वर अपील आहे, दिवाणी न्यायालय आहे, हे खरे. पण महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे, १९६६ च्या कायद्याचे, कलम १५७ म्हणते की अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाईल. ते सिद्ध करण्याचे ओझे कोणावर? ज्याचे नाव नाही त्याच्यावर.

आमच्याकडे याला फार नेमके क्रियापद आहे : नाव लागणे. बाप गेल्यावर मुलाचे नाव लागते, मयताचे नाव कमी होते. लग्नाच्या पत्रिकेत, शाळेच्या हजेरीत नाव येते, पण सातबाऱ्याला ते लागते. दिवा लागावा, झाडाला फळ लागावे, तसे. हे क्रियापद ज्या समाजाने घडवले त्याला त्या कागदाची ऊब आणि झळ दोन्ही ठाऊक होत्या.

आमच्या घरात हे नाव १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्यामुळे लागले. माझे आजोबा दुसऱ्याची जमीन कसत. त्या कायद्याखाली संरक्षित कुळांची यादी झाली तेव्हा पटवाऱ्याने त्यांचे नाव लिहिले. शेजारच्या तुकड्यात आजोबांपेक्षा अधिक वर्षे राबलेला एक माणूस त्या हंगामात मजुरीसाठी परगावी गेला होता, त्याचे नाव लिहिले गेले नाही. पुढे १९५४-५५ चे खासरा पत्रक झाले, जे मराठवाड्यात आजही जमिनीच्या इतिहासाचा पाया म्हणून काढून पाहिले जाते, आणि त्यातही तसेच राहिले. आजी हे सांगत असे तेव्हा तिच्या स्वरात आनंदापेक्षा संकोच अधिक असे. त्या माणसाची मुले आमच्याच शेतात मजुरीला येत. मी प्राध्यापक झालो तो त्या एका ओळीमुळे. त्यांच्या घरातले कोणी झाले नाही, तेही त्या एका ओळीमुळे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण फारशा अतिशयोक्तीचे होणार नाही.

त्याच सातबाऱ्यावर आणखी एक फेरफार आहे. आजोबांच्या मृत्यूनंतर वारस म्हणून माझ्या वडिलांबरोबर तीन आत्यांची नावे लागली आणि काही वर्षांनी हक्कसोडपत्राने कमी झाली. कागद सांगतो की त्यांनी राजीखुशीने हक्क सोडला. दिवाळीच्या ओवाळणीत त्यांना लुगडी मिळत राहिली, माहेर तुटले नाही, हे कागद सांगत नाही. आणि दुसरे काही करण्याची मोकळीक त्यांना होती का, हेही तो सांगत नाही. निवाडा झाला, पण सभा बसली नाही.

एम.ए.ला असताना मी मोडी शिकलो. तेव्हा या लिपीकडे फारसे कोणी वळत नसे. २०२३ च्या सप्टेंबरात परिस्थिती एकाएकी बदलली. मराठवाड्यातील मराठा समाजाच्या निजामकालीन कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील अभिलेख कक्षांची दारे उघडली. खासरा पत्रके, शाळांचे प्रवेश-निर्गम उतारे, जन्ममृत्यूच्या वह्या, पाहणी पत्रके, जे मिळेल ते तपासले जाऊ लागले. गावातले कागद मोडीत, तालुक्याचे आणि वरचे उर्दूत, त्याहून जुने फारसीत, आणि सन फसली. त्यात ५९० किंवा ५९१ मिळवल्याशिवाय इसवी सन हाती येत नाही. आमचा जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झालेला, त्यामुळे एक कागद हिंगोलीत तर दुसरा परभणीत, आणि काहींचा माग हैदराबादेतील तारनाक्याच्या अभिलेखागारापर्यंत जाणारा. पुढे २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटिअरच्या आधारे कार्यवाहीचा शासन निर्णय निघाला आणि त्यावर दुसऱ्या बाजूने हरकतीही उभ्या राहिल्या. त्या वादात कोणाचा पक्ष घेण्याची ही जागा नाही. मला सांगायचे आहे ते त्या काळात माझ्या घरी येऊ लागलेल्या माणसांविषयी.

त्यांच्यातील एक गृहस्थ, माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील, पटवाऱ्याच्या वहीतील एका पानाची छायाप्रत घेऊन आले. त्यांच्या पणजोबांचे नाव स्पष्ट होते. त्यापुढे एक तुटक अक्षर होते, आणि नेमके त्यावरच शाईचा डाग. ते अक्षर 'कु' असू शकत होते, तसेच दुसरेही काही. मी तसे सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग अतिशय नम्रपणे म्हणाले, "सर, तुम्ही लिहून दिलं की तेच खरं. आम्हाला कुठं वाचता येतंय."

त्या वाक्याने मी अस्वस्थ झालो. त्यात लबाडी नव्हती, पूर्ण विश्वास होता. घरात पदवी घेतलेला मुलगा, परीक्षेचे फॉर्म, कर्ज, आणि या साऱ्याच्या पुढे एक पुसट अक्षर. मी ना तहसीलदार, ना देशपांडे. पण ते अक्षर वाचता येणारा त्या खोलीत मी एकटा होतो. त्यामुळे राखणदारही मीच झालो होतो आणि निवाडा करणाराही मीच. हेमाद्रीपासून रायरायानांपर्यंत जी सत्ता चालत आली ती हुकमाची नव्हती. जे दुसऱ्याला वाचता येत नाही ते आपल्याला वाचता येते, एवढीच होती. ती किती सहज हाती येते, हे त्या संध्याकाळी कळले.

मी त्यांना सुचवले की भावकीतल्या सगळ्यांना बोलवा, पान मी सर्वांसमोर मोठ्याने वाचतो. रविवारी दहाबारा माणसे जमली. मी अक्षर न् अक्षर वाचत गेलो. मेलेल्या माणसांची नावे ऐकून म्हाताऱ्यांना त्यांची टोपणनावे आठवली, कोणाची विहीर कोठे होती ते निघाले, हसणे झाले. डागाखालचे अक्षर पुसट ते पुसटच राहिले आणि मी तसेच लिहून दिले. पण त्या पानावर त्यांच्या नावाखाली आणखी एक ओळ होती. त्याच शेताच्या तुकड्यापुढे दुसऱ्या एका घराचे नाव. त्या घरचे कोणी बैठकीत नव्हते. मी ते वाचायला सुरुवात केली तसा मागून आवाज आला, "ते ऱ्हाऊ द्या सर, आपलं तेवढं वाचा."

मी ती ओळ वाचली. कोणी काही बोलले नाही. चहा आला आणि विषय पावसाकडे वळला.

आज या घटनेचा विचार करताना मला वाटते, दफ्तराविषयी आपली जी तक्रार असते ती बहुतेक वेळा 'आपली ओळ' सापडत नाही, एवढीच असते. सापडली की दफ्तर खरे, नाही सापडली की ते खोटे किंवा कोणी तरी बदललेले. खालची ओळ वाचण्याची जबाबदारी मात्र कोणाचीच नसते. दफ्तर आणि दंड एकाच हाती असण्याचा खरा धोका येथे आहे. अधिकारी लबाड असेल म्हणून नव्हे, तर जो कागद मागायला येतो त्याच्यापुरताच कागद उघडतो म्हणून. जो येत नाही, ज्याला यायचे हेच ठाऊक नाही, तो ओळीत असूनही ऐकला जात नाही.

२०१७ साली सातबारा संगणकावर चढवताना चुका दुरुस्त व्हाव्यात म्हणून शासनाने गावोगावी चावडी वाचनाची मोहीम घेतली होती. गट क्रमांक, खातेदाराचे नाव, क्षेत्र हे सर्वांसमोर मोठ्याने वाचायचे आणि ज्याला हरकत असेल त्याने तेथेच सांगायची. आज उतारा मोबाइलवर अंकीय स्वाक्षरीसह मिळतो. तलाठ्याच्या पदाचे नावही आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे. या सोयीबद्दल नाक मुरडणे कृतघ्नपणाचे होईल, कारण एका नकलेसाठी चार खेटे घालण्याचे दिवस आमच्या पिढीने पाहिले आहेत. पण पडद्यावर प्रत्येक जण आपला गट क्रमांक टाकतो आणि आपलीच ओळ पाहतो. चावडीवर बसलेल्याला इतरांच्या ओळीही ऐकाव्या लागत.

जुन्या महजरांत नावांच्या यादीनंतर नांगर, आरसा अशा आकृत्यांची रांग असे. ज्यांना एक अक्षर लिहिता येत नव्हते अशा माणसांनी, जे वाचून दाखवले ते आपण ऐकले आहे, एवढे सांगण्यासाठी त्या काढवून घेतलेल्या. लिहिणारा एक होता, राखणारा एक होता, निवाडा सांगणाराही कदाचित तोच. पण ऐकणारे पुष्कळ होते, आणि त्यांनी ऐकले याची नोंद निवाड्याच्याच कागदावर होती. आपल्या सातबाऱ्यात बारा नमुन्याचे रकाने आहेत, पीक, क्षेत्र, जलसिंचन सगळ्याचे आहेत. ऐकणाऱ्यांसाठी मात्र त्यात एकही रकाना नाही.